कोल्ड्रिंकची सवय मोडताना: वजन उतरवू पाहणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

वजन उतरवायचं ठरलं की आपल्याकडे माणूस आधी भात सोडतो. मग चपात्या मोजायला लागतो, पहाटे कृष्णाकाठी नाहीतर अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला चालायला जातो. दुपारी चारची कोल्ड्रिंकची बाटली मात्र तशीच चालू राहते, कारण ती खाण्यात धरलीच जात नाही. "प्यायलोय नुसतं, खाल्लंय कुठं?" पोटाचाही हिशेब असाच असतो. पातळ साखर पोटात गेली तरी भूक त्या मानाने कमी होत नाही, रात्रीचं जेवण तेवढंच जातं. म्हणजे बाटलीतल्या कॅलरी जेवणाच्या जागी येत नाहीत, जेवणाच्या वर चढतात. भात अर्धा केल्याचा सगळा फायदा तिथे संपतो.

रोज एक किंवा त्याहून जास्त बाटल्या घेणाऱ्यांसाठी, आणि एकदा-दोनदा सोडून पुन्हा सुरू झालेल्यांसाठी हा लेख आहे. कोल्ड्रिंक म्हणजे इथे काळा कोला, लिंबाची पांढरी पेयं, नारिंगी, आंब्याची बाटली आणि एनर्जी ड्रिंक, सगळं धरलं आहे. साधा सोडा, म्हणजे नुसतं पाणी आणि वायू, त्यात येत नाही. तो पुढे आपल्या कामाला येणार आहे.

सवय सुटत नाही याचं कारण बहुतेक वेळा मनाचा दुबळेपणा नसतो. एका बाटलीत चार गोष्टी असतात: गारवा, फसफस, गोडी आणि कोल्यात किंवा एनर्जी ड्रिंकमध्ये कॅफिन. शिवाय तिची ठरलेली वेळ असते. सोडणारा माणूस या सगळ्यांच्या जागी कोमट पाणी ठेवतो आणि चौथ्या दिवशी पुन्हा टपरीवर उभा राहतो. आपल्याला यातलं नेमकं काय हवं असतं ते शोधून तेवढंच दुसरीकडून दिलं, तर काम निम्मं सोपं होतं.

आधी हे जवळ करा

- खिशात मावेल अशी वही, किंवा मोबाइलमधली नोंदवही
- शिंप्याकडे असते तशी टेप आणि वजनकाटा (काटा नेहमी तोच वापरायचा)
- चहाचा एक चमचा आणि थोडी साखर, मोजून बघण्यासाठी
- लिटरभराची स्टीलची बाटली, घरात माठ
- लिंबं, जिऱ्याची पूड, पादेलोण, सब्जा, कोकम आगळ, दही
- अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट असतील तर: उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), युरिक ॲसिड, यकृताच्या तपासण्या
- चालू असलेल्या गोळ्यांची यादी

शेवटच्या दोन गोष्टी कोणी मनावर घेत नाही, पण त्या महत्त्वाच्या आहेत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि तुम्ही रोजची ऐंशी-शंभर ग्रॅम साखर अचानक बंद केली, तर रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते. अशांनी आधी डॉक्टरांना सांगायचं, मग सुरुवात करायची. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल आणि पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, त्यांनीही खालची पेयं आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

१. आठवडाभर काही सोडू नका, नुसतं मोजा

पहिल्या सात दिवसांत एकही बाटली कमी करायची नाही. प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता, किती मिली, कुठे, आणि त्याच्या अर्धा तास आधी काय चाललं होतं. "४.१०, २५० मिली, कंपनीच्या गेटबाहेर, जेवण साडेअकराला झालं होतं." इतकं पुरे.

मोजताना चुकतं ते घरातल्या मोठ्या बाटलीपाशी. सव्वादोन लिटरची बाटली फ्रिजमध्ये असली की ग्लास मोजला जात नाही, दर वेळी "जरा"च घेतलं जातं. बाटलीवर पेनाने खूण करा आणि दिवसाअखेरी बघा. घरात चौघं पिणारे असतील तर तुमचा ग्लास वेगळा ठेवा.

त्याच आठवड्यात एका सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करा आणि बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजा. भारतीय शरीरयष्टीसाठी पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं धरतात.

२. लेबल वाचून साखर चमच्यात मांडा

बाटलीच्या मागच्या तक्त्यात "एकूण साखर" आणि "वरून घातलेली साखर" असे आकडे असतात. बहुतेकदा ते १०० मिलीसाठी दिलेले असतात, आख्ख्या बाटलीसाठी नव्हे. पहिली फसगत इथे होते. कोल्याचा आकडा बहुधा साडेदहा ग्रॅमच्या आसपास असतो. तो वाचून माणूस म्हणतो, "दहाच ग्रॅम की!"

हिशेब असा करा. १०० मिलीला साडेदहा ग्रॅम, तर २५० मिलीच्या बाटलीत साधारण २६ ग्रॅम. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखर आणि वर थोडी. ७५० मिलीच्या बाटलीत जवळपास ८० ग्रॅम, सोळा चमचे. एका वाटीत सोळा चमचे साखर खरोखर काढून ठेवा आणि घरच्यांना दाखवा. कागदावरच्या आकड्यापेक्षा ती वाटी जास्त बोलते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, मध आणि रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी चांगलं. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. म्हणजे छोट्या एका बाटलीत २५ ग्रॅमचा दिवसाचा वाटा संपला, आणि सकाळचा चहा अजून धरलेलाच नाही.

एक ग्रॅम साखर म्हणजे ४ कॅलरी. २५० मिलीच्या १०५, ७५० मिलीच्या ३१५. तीनशेपंधरा कॅलरी चालून घालवायच्या तर साधारण तास-सव्वा तास भरभर चालावं लागतं. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. रोजची एक छोटी बाटली महिनाभर सोडली तर कागदावर चारशे ग्रॅम, रोजचा पाऊण लिटर सोडला तर सव्वा किलोच्या आसपास. प्रत्यक्षात थोडं कमीच उतरतं, कारण भूक कुठेतरी थोडी भरपाई करून घेते.

३. बाटलीतलं नेमकं काय हवंय ते ओळखा

आता आठवड्याची वही उघडा. नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की चार प्रकार दिसतात.

ज्यांच्या नोंदी उन्हातून आल्यावर, गाडीवरून उतरल्यावर, शेतातून घरी आल्यावर आहेत, त्यांना गारवा हवा असतो. खरं तर ती तहान असते. तासगाव-कवठेमहांकाळकडे उन्हाळ्यात द्राक्षबागेत काम करणाऱ्यांची बाटली बहुधा या जातीची. यांचं सगळ्यात लवकर सुटतं.

ज्यांच्या नोंदी जेवणानंतर आहेत, विशेषतः मटणाच्या, अख्ख्या मसुराच्या किंवा मिसळीच्या जेवणानंतर, त्यांना फसफस हवी असते. "ढेकर आला की जेवण जिरलं," हा समज घट्ट आहे. तो ढेकर जेवणाचा नसतो, बाटलीतल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. तो वायू तुम्हीच आत घातला, तोच बाहेर आला. पचनाशी त्याचा संबंध नाही, आणि ज्यांना ॲसिडिटी आहे त्यांची जळजळ उलट वाढते. तिखटावर उतारा म्हणून घेत असाल तर तोही चुकीचा. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे कोल्ड्रिंकने तो जिभेवर फक्त पसरतो. दुधा-दह्यातलं केसीन हे प्रथिन त्याला धरून धुऊन नेतं. म्हणून जुन्या जेवणात तिखटाशेजारी ताक असतं.

तिसरा प्रकार म्हणजे जेवणाला चार-पाच तास झाल्यावरची बाटली. सकाळी साडेअकराला डबा, चारला बाटली. इथे गोडी हवी असते कारण भूक लागलेली असते. या माणसाला पाणी, ताक, लिंबू काहीही दिलं तरी समाधान होणार नाही. त्याला खायला दिलं पाहिजे.

चौथा प्रकार रात्रपाळीचा, गाडी चालवणाऱ्यांचा, परीक्षेच्या पोरांचा. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत रात्री दोनला जी बाटली उघडते ती कॅफिनसाठी. कोल्याच्या २५० मिलीत साधारण २५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. एनर्जी ड्रिंकच्या तेवढ्याच बाटलीत ७० मिलिग्रॅमच्या पुढे असू शकतं. एनर्जी ड्रिंकच्या बाटलीवर मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये असं छापलेलं असतं. गल्लीत दहावी-बारावीची मुलं ते सर्रास पितात, म्हणून हे मोठ्याने सांगायची गरज आहे. लिंबाच्या पांढऱ्या पेयात आणि आंब्याच्या बाटलीत सहसा कॅफिन नसतं. त्यामुळे तीच बाटली सोडणाऱ्याला डोकेदुखीची भीती बाळगायचं कारण नाही.

बहुतेकांच्या वहीत दोन प्रकार मिसळलेले निघतात. प्रत्येक नोंदीपुढे गा, फ, गो, कॅ असं एक अक्षर लिहा. पुढची सगळी योजना या अक्षरांवर चालते.

४. एकदम की हळूहळू

दिवसाला एक छोटी बाटली असेल तर एकदम बंद करा. कमी करत बसण्यात अर्थ नाही, अर्धी बाटली झाकण लावून ठेवणारा माणूस विरळा.

दिवसाला पाऊण लिटरच्या वर असेल, किंवा कोला आणि एनर्जी ड्रिंक दोन्ही असतील, तर चार आठवड्यांत उतरवत न्या. पहिल्या आठवड्यात मोठी बाटली विकत घेणं बंद, फक्त छोटी. मोठी बाटली मिलीमागे स्वस्त पडते खरी, पण उघडली की दुसऱ्या दिवशी तिची फसफस जाते, म्हणून ती वाया जाऊ नये या घाईत घरचे संपवतात. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक ग्लासात निम्मं कोल्ड्रिंक आणि निम्मा गार साधा सोडा. फसफस तेवढीच राहते, गोडी निम्मी होते. पाणी घालून पातळ करू नका, ते बेचव लागतं आणि माणूस वैतागून पुन्हा बिनपाण्याचं मागतो. तिसऱ्या आठवड्यात पाव कोल्ड्रिंक, बाकी सोडा आणि अर्धं लिंबू. चौथ्यात कोल्ड्रिंक बाद, सोडा-लिंबू-मीठ राहिलं. जिभेला गोडीची सवय जशी लागते तशी उतरतेही. महिन्याभराने जुनी बाटली तोंडाला लावली तर बहुतेकांना ती पाकासारखी लागते.

कधी सुरू करायचं? चैत्र-वैशाखात, लग्नं आणि गावच्या जत्रा चालू असताना पहिला आठवडा धरू नका. पावसाळ्यात, विशेषतः सातारा-पाटणकडच्या गार हवेत, थंड पिण्याची ओढ आपोआप कमी असते. तेव्हा सोपं जातं. पण आज मे महिना असेल तर पावसाची वाट बघत बसू नका. मोजायचा आठवडा कोणत्याही ऋतूत सुरू होतो.

५. डोकेदुखीचे दिवस

कॅफिन बंद झालं की १२ ते २४ तासांत डोकं जड व्हायला लागतं. पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट, आणि कोणाकोणाला आठवडा-नऊ दिवसांपर्यंत चिडचिड, सुस्ती, कामात लक्ष न लागणं असं चालतं. याचा अर्थ "अंगाला साखर हवीय" असा लावला जातो आणि बाटली परत येते. कॅफिन गेल्याचं ते दुखणं आहे, आपोआप जातं.

उपाय साधा: ज्या वेळी कोला घेत होता त्याच वेळी एक कप चहा, साखर असेल तर अर्धा चमचा. एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन मिळतं, छोट्या कोल्याइतकं किंवा जास्तच. एनर्जी ड्रिंक सोडणाऱ्यांनी पहिला आठवडा दोन कप घ्या, मग एक. रात्री झोप हवी असेल तर शेवटचा कप दुपारी चारच्या आत. डोकेदुखीची गोळी रोज घेत राहू नका. काही गोळ्यांत कॅफिनच असतं, मग सवय फक्त पाकिटातून येते.

सोडायचा दिवस सुट्टीच्या आदल्या दिवशी धरा. मशीनवर काम असेल किंवा लांबचं ड्रायव्हिंग असेल तेव्हा सुस्तीचा पहिला दिवस येऊ देऊ नका.

६. त्या जागी काय प्यायचं

गाच्या नोंदींसाठी: माठाचं पाणी, त्यात वाळ्याची जुडी. कामाच्या जागी माठ नसेल तर स्टीलच्या बाटलीला ओलं सुती फडकं गुंडाळून वाऱ्याच्या जागी टांगा, फडकं सुकलं की पुन्हा भिजवा. फडक्यातलं पाणी वाफ होताना बाटलीतली उष्णता घेऊन जातं, माठात होतं तेच. प्लास्टिकच्या बाटलीला हा उपाय तितका लागू पडत नाही. घरातून निघताना एक ग्लास आणि पोचल्यावर एक ग्लास पाणी आधी प्या, मग दहा मिनिटांनी ठरवा बाटली हवी की नको. तहानेवर पेय विकत घेतलं की ते घटाघटा जातं, चव कळायच्या आत २५० मिली संपतं.

ताक: १०० ग्रॅम दही, ३०० मिली गार पाणी, चिमूटभर मीठ, पाव चमचा जिरेपूड, थोडं किसलेलं आलं, कोथिंबीर. रवीने घुसळा. दोन ग्लास होतात, गाईच्या दुधाचं साधं दही असेल तर ग्लासाला ३० कॅलरींच्या आसपास. दह्याचं प्रमाण वाढवून पाणी कमी केलं की ते ताक राहत नाही, पातळ लस्सी होते. तिथे कॅलरी दुप्पट-तिप्पट. हॉटेलात "मठ्ठा" मागाल तर कधीकधी साखर घातलेला येतो, आधी विचारा.

फसफस हवी असणाऱ्यांसाठी: ३०० मिली गार साधा सोडा, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूट पादेलोण, चिमूट जिरेपूड. ग्लासात लिंबू आणि मीठ आधी, सोडा वरून, हळू. मीठ नंतर टाकलं तर सगळा वायू एकदम उसळून ओट्यावर जातो आणि हातात सपाट पाणी राहतं. सोडा-लिंबवाल्याकडे नुसतं "लिंबूसोडा द्या" म्हटलं तर तो सवयीने पाक ओततो. "साखर नको, मीठ-लिंबू मारा, दादा," असं ग्लास भरायच्या आधी सांगायचं. गोटीच्या बाटलीतला सोडा साधा आहे की गोड, हेही विचारून घ्या. जिरा सोडा, मसाला सोडा म्हणून बाटलीत मिळतो त्यात बहुधा साखर असते. तक्ता बघा. रक्तदाब असेल तर खारा सोडा रोज नको, मीठ न घालता नुसतं लिंबू पिळा. ॲसिडिटी असेल तर सोडाच टाळून ताकावर या.

कोकम: कुंभार्ली घाट उतरलं की चिपळूण, त्यामुळे कऱ्हाड-साताऱ्यात कोकम सहज मिळतं. बाजारात दोन बाटल्या असतात आणि दोन्ही लाल. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, त्यात साखर नसते. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. आगळ घ्या. एका ग्लासाला दोन चहाचे चमचे, वरून मीठ घालू नका, ते आगळात आहेच. रक्तदाबवाल्यांनी सुकं कोकम (आमसूल) रात्रभर भिजवून त्याचं पाणी वापरावं, पण विकत घेताना ते मिठात मुरवलेलं नाही ना ते पाहावं.

सब्जा: एक चहाचा चमचा पाण्यात वीस मिनिटं भिजवून कोणत्याही पेयात. त्याने चरबी वितळते वगैरे काही नाही. ग्लास सावकाश पिला जातो, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो पुरेसा आहे.

लिंबूपाणी दिवसभर घोट घोट घेत बसू नका. लिंबू आणि कोला दोन्ही आम्ल आहेत, दातांवरचं कवच त्यांनी सतत ओलं राहिलं की झिजतं. जेवणासोबत घ्या, नंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा, आणि अर्धा तास ब्रश करू नका.

७. साखर मागच्या दाराने येते ती इथून

सांगली-सातारा म्हणजे उसाचा पट्टा. इथे बाटली सोडणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो "त्यापरीस रस पी, नैसर्गिक हाय." उसाच्या ताज्या रसात १०० मिलीला साधारण १३ ते १५ ग्रॅम साखर असते. कोल्यापेक्षा जास्त. बर्फाशिवाय मोठा ग्लास म्हणजे तीस-पस्तीस ग्रॅम. रसवंतीचा रस चांगला, ताजा, चवीचा आहे, महिन्यातून एकदा आनंदाने प्या. पण वजन उतरवताना कोल्ड्रिंकच्या जागी तो बसवला तर काट्यावर काहीच हलणार नाही.

गुळाचं तसंच. गुळाचं सरबत, गुळाचा चहा, महाबळेश्वरचा मध: कॅलरी साखरेच्या जवळपासच. स्ट्रॉबेरीचा क्रश महाबळेश्वर-पाचगणीहून प्रत्येक घरात येतो. क्रशच्या वजनात निम्म्याहून जास्त भाग मुख्यतः साखरेचा असतो. दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिली, ग्लासात टाकले की १५ ग्रॅमहून जास्त साखर गेली. हंगामात ताजी स्ट्रॉबेरी खा. फळ चावून खाल्लं की पोट भरतं, पिऊन भरत नाही.

सगळ्यात मोठी चोरवाट चहाची. कोल्ड्रिंक सुटलं की चहा दोनाचे चार कप होतात. कपाला दोन चमचे साखर, चार कप म्हणजे ४० ग्रॅम. बाटली सोडून तुम्ही दीड बाटली साखर परत आणली. चहाची साखर आधी दीडवर आणा, पंधरवड्याने एकावर, मग अर्ध्यावर. घरी दोन पातेली होणार नाहीत, म्हणून चहा बिनसाखरेचा उकळून साखर ज्याच्या त्याच्या कपात घालायची पद्धत पाडा. टपरीवर "कमी साखर" म्हणून काही होत नाही, तिथे चहा आधीच गोड उकळलेला असतो. बिनसाखरेचा कोरा मागा, तो वेगळा करून देतात.

"इलेक्ट्रोलाइट" म्हणून मिळणारी चवदार डबापेयंही तपासून घ्या, बऱ्याच वेळा ती सरबतंच असतात. जुलाब झाले असतील तर औषधाच्या दुकानातलं खरं ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात घ्या. जुलाबात कोल्ड्रिंक देऊ नका, जास्त साखरेने आतड्यात पाणी ओढलं जाऊन जुलाब वाढू शकतात.

८. चारच्या भुकेची सोय

गो अक्षर ज्यांच्या वहीत जास्त आहे त्यांनी ही पायरी आधी करा. दुपारच्या जेवणात एक वाटी उसळ किंवा डाळ वाढवा, आणि चारला मूठभर फुटाणे (३० ग्रॅम, साधारण ११० कॅलरी), नाहीतर पेरू, नाहीतर दोन काकड्या. शेंगदाणे वीस ग्रॅमच, ते हातात घेतले की थांबत नाहीत. सांगलीचं भडंग या वेळी नको. चुरमुरे हलके असले तरी भडंगात तेल आणि शेंगदाणे भरपूर असतात, आणि त्याच्या तिखट-मिठाने पुन्हा गार काहीतरी मागावंसं वाटतं.

ओढ आली की घड्याळ बघा. लाट बहुधा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात फुटाणे खा, पाणी प्या, जागा सोडा. टपरीसमोर उभं राहून लाट ओसरायची वाट बघू नका. ज्या रस्त्याने जाता त्यावर ठरलेली टपरी असेल तर महिनाभर दुसऱ्या रस्त्याने जा.

९. जत्रा, लग्न, हॉटेल

गावच्या जत्रेत मटणाच्या पंगतीनंतर मोठ्या बाटल्या फिरतात. "घ्या की पाव्हणं, येवढ्यानं काय हुतंय?" इथे वजनाचं भाषण सुरू केलं की आग्रह दुप्पट होतो. हातात आधीच ताकाचा किंवा पाण्याचा भरलेला ग्लास ठेवा. भरल्या हाताला कोणी आग्रह करत नाही. "मामा, मला ताकच द्या, रश्श्यावर तेच झ्याक लागतं," हे वाक्य सगळीकडे चालतं, आणि ते खरंही आहे.

हॉटेलात बसल्या बसल्या ताक मागवा. "थंड काय आणू?" हा प्रश्न जेवण निम्मं झाल्यावर येतो, तेव्हा तोंड तिखट असतं आणि जीभ सवयीने उत्तर देते. बिर्याणीच्या पार्सलसोबत फुकट बाटली येत असेल तर ऑर्डर देतानाच नको म्हणा. घरात आलेली बाटली घरातच संपते.

लहान मुलांसमोर "मला बंद, तुम्ही प्या" असं करू नका. फ्रिज सगळ्यांचा एकच असतो.

१०. बिनसाखरेच्या बाटल्यांचं काय

"झिरो" किंवा "डाएट" लिहिलेल्या बाटलीत साखरेऐवजी ॲस्पार्टेम, ॲसेसल्फेम पोटॅशियम असे गोडवे असतात. कॅलरी जवळपास नसतात. पाऊण लिटर रोज पिणाऱ्याने तीन-चार आठवड्यांचा पूल म्हणून त्या वापरल्या तर साखर खात्रीने कमी होते. कायमचा मुक्काम तिथे करू नये. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने वजन काबूत ठेवण्यासाठी असे गोडवे वापरू नयेत असं मार्गदर्शन दिलं आहे. जिभेची गोडीची अपेक्षा त्यांनी उतरत नाही, आणि आम्ल व कॅफिन तसंच राहतं. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना ॲस्पार्टेम चालत नाही.

मधुमेहींनी एक लक्षात ठेवायचं: रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर सुरू झाली तर झिरोची बाटली निरुपयोगी आहे. तेव्हा तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा.

११. घसरलात तर, आणि काटा हलला नाही तर

एक बाटली झाली तर वहीत लिहा, अक्षर टाका, पुढची वेळ ठरल्याप्रमाणे. दुसऱ्या दिवशी जेवण तोडून भरपाई करू नका. उपाशी राहिलात की चारला तीच ओढ जास्त जोराने येते. आठवड्यात एकाच वेळेला तीनदा घसरण दिसली तर समजा की त्या वेळेचं अक्षर चुकलंय. तुम्ही भुकेला लिंबूसोडा देताय, किंवा झोपेला ताक.

वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, त्याच वेळी. रोज केलं तर मीठ आणि पाण्यामुळे किलोभर इकडेतिकडे होतं आणि उगीच धीर सुटतो. घेर पंधरवड्याने मोजा. दोन महिन्यांनी बाटल्या बंद असूनही दोन्ही आकडे जागचे हलले नसतील, तर पुन्हा सात दिवसांची वही काढा, या वेळी चहा, रस, सरबत, क्रश, लस्सी सगळं धरून. रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड, युरिक ॲसिड किंवा यकृताचे आकडे आधी वाढलेले होते त्यांनी तीन महिन्यांनी त्याच तपासण्या त्याच लॅबमधून पुन्हा करून डॉक्टरांना दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवावेत. आणि काही प्रयत्न न करता वजन भराभर उतरायला लागलं, खूप तहान लागते आणि रात्री लघवीला वारंवार उठावं लागतं असं झालं, तर त्याचं श्रेय बाटली सोडण्याला देऊ नका. त्याच आठवड्यात रक्तातली साखर तपासून घ्या.